इस्माईल सारंगांची फुलदाणी

“वालावलकर, इकडे या. हात लावू नका, नुसतं बघा.”

मुख्याध्यापक तळवणेकर सरांच्या टेबलावर फुलदाणी उभी होती. त्यांनी तिची पाठ माझ्याकडे फिरवून ठेवली होती. मी वाकलो. तोंडाच्या कडेवरून केसाएवढी बारीक रेघ निघाली होती. मानेवरून सरळ खाली येऊन, निळ्या ढगापाशी किंचित डावीकडे वळून, ती खांद्यावर संपत होती.

“मला वाटलं केस चिकटलाय,” सर म्हणाले. “रुमालाने पुसला. गेला नाही. मग नख फिरवलं. नख अडकतं.”

“तडा आहे,” मी म्हणालो.

“दुपारी तुमच्या वर्गात होती. परत कोणी आणली?”

“द्वारकाने. नववीतली, द्वारका कोयंडे.”

“आणि तिच्या पुढे तुम्ही चालत होता.”

मी फुलदाणीकडेच बघत होतो. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“चालत नव्हता?”

“नाही सर. दोन पोरांनी रंगाचं पाणी एकमेकांच्या कागदांवर सांडलं. ते निस्तरत होतो. तिला म्हटलं, तू हो पुढे.”

ही पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी त्या बंदराच्या गावातल्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. नोकरीला अकरा वर्षं झाली होती. फुलदाणी माझ्याही आधीपासून शाळेत होती. इस्माईल सारंग म्हणून गावातले एक गृहस्थ बोटीवर खलाशांचे मुकादम होते. पहिल्या बोटीपासून शेवटच्या बोटीपर्यंत ते अंगठाच उठवत आले. त्यांचा मुलगा आमच्या शाळेत लिहायला शिकला, आणि त्याने लिहिलेलं पहिलं पत्र त्यांना हाँगकाँगच्या बंदरात मिळालं. त्या फेरीत त्यांनी ही फुलदाणी आणली आणि शाळेला दिली. पांढऱ्या चिनी मातीवर निळ्या रंगात काढलेली नदी, नदीत एक नाव, नावेत टोपी घातलेला म्हातारा, काठावर वाकलेलं झाड, आणि वर गळ्याभोवती गुंडाळ्या गुंडाळ्यांचे ढग. तळवणेकर सरांनी ती त्यांच्या हातातून घेतली होती. “सांभाळा,” एवढंच म्हातारा म्हणाला होता. वर्षभराने तो वारला.

ती कपाटात असायची. चित्रकलेच्या सरकारी परीक्षांसाठी मुलांना भांडी, फळं, कापड समोर ठेवून चित्र काढायचा सराव लागतो. त्या सरावासाठी वर्षातून चार-पाच वेळा सर ती मला देत. नेण्याआणण्याचा नियम त्यांनीच घातलेला. बांबूच्या रोवळीत, म्हणजे तांदूळ धुवायच्या टोपलीत, जुनी गोधडी घालायची, तिच्यात फुलदाणी. नेणाऱ्या मुलाने अनवाणी चालायचं, म्हणजे चप्पल घसरायची भीती नाही. आणि मास्तरने पुढे चालून वाट मोकळी करायची. आमचा शिपाई तातू ही मिरवणूक बघून दर वेळी म्हणे, “येवढा काय ता? लोणच्याची बरणीच ना ती!”

त्या दिवशी मात्र तातूही दारात गप्प उभा होता.

“बोलवा तिला,” सर त्याला म्हणाले.

द्वारका आली. सडपातळ, उंच, दोन वेण्या वर बांधलेल्या. बोटं शिसाने काळी झालेली. वर्गात वीस मुलं होती, पण मी फळ्याकडे वळलो तरी जिची पेन्सिल थांबत नसे, अशी ती एकच.

“हे बघ,” सर म्हणाले.

तिने बघितलं. फुलदाणीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत फुलदाणीकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती येण्याआधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं. काय ते मला तेव्हा कळलं नाही.

“आणताना काही झालं?”

“नाही सर.”

“मग हा तडा कसा गेला?”

तिने काळी बोटं मुठीत मिटली. मग म्हणाली, “माझ्याच हातून झालं असणार.”

“असणार म्हणजे? पडली?”

“नाही.”

“कशावर आपटली?”

“नाही सर.”

“मग?”

“माहीत नाही. पण माझ्याच हातून.”

मी मध्ये बोललो. “सर, हा तडा जुना तर नसेल? काळपट आहे. नवीन तडा पांढरा दिसतो.”

“तिची बोटं बघा, वालावलकर. तेच शिसं तड्यात भरलंय.” ते द्वारकाकडे वळले. आवाज चढवला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. “पोरी, भांडं आहे. भांडं फुटतं. त्यासाठी मी कोणाला शिक्षा करत नाही. पण अर्धं कबूल करायचं आणि अर्धं लपवायचं, हे मला चालत नाही. कसं झालं ते सांग. सांगितलंस की तुझ्या फॉर्मवर सही करतो.”

फॉर्म त्यांच्या समोरच होते. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेचे वीस फॉर्म. शनिवारी सकाळी नऊच्या एसटीने तातू ते तालुक्याच्या केंद्रावर नेणार होता. सरांनी गठ्ठ्यातून एक काढला आणि वजनाखाली वेगळा ठेवला.

त्या एका कागदावर काय काय अवलंबून होतं, ते सरांना पुरतं माहीत नव्हतं. मला माहीत होतं. द्वारकाची आई भागीरथी काजूच्या कारखान्यात होती. बाप कुठल्याशा ट्रॉलरवर, वर्षातून एकदा येणारा. पोरीला सातवीनंतर कारखान्यात बसवायचं ठरलं होतं. मी दोनदा घरी जाऊन आईला सांगितलं होतं की ह्या परीक्षेत हिला चांगली श्रेणी मिळाली की चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला जाता येईल, माझ्यासारखी मास्तरीण होईल. भागीरथी म्हणाली होती, “त्या परीक्षेपर्यंत ठेवतंय. मगे बघू.”

*

शाळा सुटल्यावर मी द्वारकाला थांबवलं. कोणतीही गोष्ट मुलांकडून काढून घ्यायची तर ती त्यांना पुन्हा करायला लावावी, अशी माझी पद्धत. मी रिकामी रोवळी तिच्या हातात दिली.

“चल. दुपारी गेलीस तशीच. मी पुढे चालत नाही, बाजूने येतो.”

चित्रकलेची खोली आवाराच्या टोकाला होती. तिथून ऑफिसापर्यंत चौऱ्याऐंशी पावलं. ती निघाली. रोवळी पोटाशी धरलेली, हनुवटी वर, डोळे मात्र खाली.

“इथे थांबले,” विहिरीपाशी ती म्हणाली. “सातवीची मुलं धावत आली. ती जाईपर्यंत थांबले.”

“धक्का लागला कोणाचा?”

“नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.”

“मग?”

“मग पायऱ्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवले.” तिने टेकवून दाखवले. “इथे चौकट. मी आडवी झाले. आधी खांदा, मग रोवळी.”

“आणि टेबलावर ठेवताना?”

“मी ठेवली नाही. सरांनी हातात घेतली.”

मी तिच्या पायांकडे बघत होतो. अशी चालणारी मुलगी भांडं आपटत नाही. पण तडा तर होता. आणि चौऱ्याऐंशी पावलांतल्या एकाही पावलाची साक्ष मला देता येत नव्हती.

“द्वारका, मला तरी सांग.”

“सांगितलं ना, सर.”

“काय सांगितलंस?”

“माझ्याच हातून झालं म्हणून.”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडली असती तर बरं वाटलं असतं.

*

शुक्रवारी मधल्या सुट्टीत भागीरथी आली. कारखान्यातून तशीच उठून आली होती. काजूच्या तेलाने हात कोपरापर्यंत काळे, ते पदराखाली झाकलेले. चित्रकलेच्या खोलीसमोरच्या पडवीत ती उभी राहिली.

“सर, ह्या काय आयकतंय मी? भांडा फोडल्यान म्हणतत.”

“बसा.”

“बसूक येळ नाय. भोंगो होतलो. माझ्या चेडवाच्या हातसून काजीचो गर फुटणा नाय, सर. सुट्टीत येऊन बसता माझ्यावांगडा. शंभर बियो फोडल्यान तर शंभर अख्खे. ता भांडा फोडतला?”

“पण तिनेच कबूल केलंय.”

भागीरथीने द्वारकाकडे बघितलं. द्वारका पडवीच्या खांबाला पाठ लावून उभी होती.

“केलंस?”

तिने मान हलवली.

“कसा काय फोडलंस?”

“माहीत नाय.”

भागीरथीने कपाळावर हात मारला. काळा ठसा उमटला. “ह्या असा. कालपासना ह्याच चालला हा.”

पंधरा मिनिटांनी घंटा होणार होती. तिसऱ्या तासाला मी अडकलेला, चौथ्याला सर तालुक्याला जाणार, ते शनिवारी सकाळीच परत भेटणार. माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, फक्त वजनाखालचा तो कागद. आणि मी असं काही केलं, जे कुठल्याही मुलाच्या बाबतीत त्याआधी कधी केलं नव्हतं.

“द्वारका,” मी म्हणालो, “आठव बरं. चौकटीतून आत येताना रोवळी जराशी लागली असेल.”

“लागली नाही, सर.”

“अगदी जराशी. तुला कळलंही नसेल.”

“नाही.”

“बरं, नसेल लागली. पण सर विचारतील तेव्हा तू एवढंच म्हण, चौकटीला लागली. त्यांना तेवढंच ऐकायचंय. सही करतील. संपलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. भागीरथीच आधी बोलली.

“नाय सर. खोटा शिकवू नकात. फोडल्यान असात तर मी तेका मारीन. शाळेतसून काढीन पण. पण खोटा नको.”

माझे कान तापले. एका बाईने, जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, शाळेच्या पडवीत मला हे सांगावं. लाज वाटली म्हणूनच असेल, मी पोरीवर चिडलो. अकरा वर्षांत मी तिच्यावरच काय, कोणावरही तसा चिडलो नसेन.

“मग तू कबूल तरी का केलंस? पडली नाही, आपटली नाही, लागली नाही, तर तडा तुझ्या हातून गेला हे कशावरून?”

“कारण आधी तो नव्हता ना, सर.”

“तुला काय ठाऊक आधी नव्हता ते?”

आता तिला माझं आश्चर्य वाटलं. काल ऑफिसात जे तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं होतं, ते हेच.

“तुम्हीच सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“मी? कधी?”

“सहावीत. तुम्ही पहिल्यांदा आम्हाला ती काढायला दिली तेव्हा. मी डाव्या टोकाला बसले होते. तिथून मला ती रेघ दिसली. मी काढली. मग तुम्ही आलात, माझं खोडरबर घेतलंत आणि पुसलीत. म्हणालात, असं काही नाहीये तिथे.”

“मग?”

“मग मी परत बघितलं.”

“आणि?”

“परत दिसली.” ती थांबली. “पण तुम्ही नाही म्हणालात, म्हणजे नसणार. मला वाटलं, माझ्या डोळ्यांत काहीतरी आहे. त्यानंतर कधी काढली नाही. तिथे बघायचंच नाही असं ठरवलं. आणि काल सरांनी दाखवली, तर ती होती. सरांना दिसत होती. तुम्हाला पण दिसत होती. म्हणजे आता ती खरंच होती. आणि फुलदाणी मीच आणली होती.”

दूर कारखान्याचा भोंगा झाला. भागीरथी हलली नाही.

“म्हंजे काय झाला?” तिने मला विचारलं. “सर? काय म्हणता ता?”

मला तो तास आठवत नव्हता. सहावीचा वर्ग, डावं टोक, एक रेघ, काहीच आठवत नव्हतं. मुलांच्या चित्रातल्या आगाऊ रेघा मी दिवसाला पन्नास पुसत असे. कागदाकडे बघून पुसत असे. मान वर करून समोरच्या वस्तूकडे बघायची मला गरजच वाटत नसे. ती मला पाठ होती.

*

मुलांची जुनी चित्रं मी टाकत नसे. इन्स्पेक्टर मागतो म्हणून वर्षवार गठ्ठे बांधून माळ्यावर ठेवत असे. शुक्रवारी शाळा सुटताच मी तातूला शिडी लावायला सांगितली.

“तीन वर्षांमागचा गठ्ठो?” तातू शिडी धरून म्हणाला. “त्यातले दोन मी चतुर्थीक नेलेले. मखराच्या मागे लावूक. तुमीच दिलास.”

“कुठले दोन?”

“आता ता काय माका वाचूक येता?”

माळ्यावर पाच गठ्ठे उरले होते. पहिल्याला वाळवीने आतून पोखरलं होतं. उचलला तर हातात भुगा आला. दुसरा आठवीचा. द्वारका खाली फरशीवर बसून एकेक कागद काढून ठेवत होती. कारखान्यात खाडा मांडून भागीरथी दारात बसून राहिली. वाचता येत नसलं तरी पोरीचं चित्र ओळखेन, असं तिचं म्हणणं. तिसरा गठ्ठा सहावीचा, पण वर्ष वेगळं. चौथा भिजून चिकटलेला. उजेड कमी होत चालला, तसे मी कागद खिडकीपाशी नेऊन बघू लागलो. आधी आशा होती की सापडेल. मग एक क्षण असाही आला की न सापडला तर बरं, असं वाटलं. तेही सांगायला हवं.

पाचव्या गठ्ठ्यात, वरून बाराव्या कागदावर, द्वारका थांबली.

“हे.”

फुलदाणी. बेढब, मान जाड, नावेतला म्हातारा उंदरासारखा. खाली बाळबोध अक्षरात ‘द्वारका कोयंडे, इयत्ता सहावी, ब’. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने माझा शेरा, सही आणि तारीख.

मानेवर काहीही नव्हतं. कागद तिथे जरा खरखरीत झालेला, बस. मी फार नीट पुसलं होतं.

“दिसत नाही ना?” द्वारका म्हणाली.

भागीरथी उठून आली. तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. पोरीच्या दंडाला धरून ती घरी गेली.

मी कागद तिरका धरला. खिडकीतून येणारा शेवटचा उजेड त्याच्यावरून आडवा गेला. सहावीतली मुलं पेन्सिल फार दाबतात. दरवर्षी मी त्यांना त्यावरून ओरडतो.

*

शनिवारी साडेआठला मी ऑफिसच्या दारात होतो. द्वारकाला सोबत आणलं होतं. सर एकोणीस फॉर्मांवर सह्या करून बसले होते. तातू कागदांसाठी कापडी पिशवी घेऊन उभा.

“आठवलं का हिला?” सरांनी विचारलं.

“सर, हिला आठवत होतं. मला आठवत नव्हतं.” मी चित्र त्यांच्यासमोर ठेवलं. “हे हिचं तीन वर्षांपूर्वीचं. तडा तेव्हाही होता. हिने तो काढला होता.”

सरांनी चष्मा लावला, कागद जवळ घेतला, लांब धरला.

“इथे काही नाही.”

“मी पुसलाय.”

“पुसलेली रेघ म्हणजे पुरावा? वालावलकर, तुम्हाला मुलांची माया आहे, मला ठाऊक आहे. पण हे काय?”

मी खिशातून सिक्स-बी पेन्सिल काढली. मऊ, काळी. ती स्वतः चालवणार होतो, पण रेघ तिची होती. मी ती द्वारकाला दिली.

“आडवी धर. टोक टेकवायचं नाही. मानेवरून नुसती फिरव, अंगण सारवतात तशी. दाबू नकोस.”

तिने कागद टेबलाच्या कडेला घेतला. पेन्सिलीची बाजू टेकवली आणि फिरवू लागली. मानेचा भाग राखाडी होत गेला. वरची कडा, काही नाही. थोडं खाली, काही नाही. सरांनी घड्याळाकडे बघितलं. तातूने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मग राखाडीतून एक पांढरा धागा वर आला.

पेन्सिलीने पडलेली चरी खोलच होती. तिच्यात शिसं उतरत नव्हतं. कडेपासून निघालेला धागा मानेवरून सरळ खाली आला, ढगापाशी किंचित डावीकडे वळला आणि खांद्यावर संपला.

सर उठले. कपाटातून त्यांनी फुलदाणी काढली, पाठ पुढे करून टेबलावर ठेवली, आणि कागद तिच्या शेजारी उभा धरला. बराच वेळ त्यांची नजर इकडून तिकडे, तिकडून इकडे जात राहिली.

“तारीख तुमच्या हातची?”

“हो.”

“आणि हा शेरा?”

“माझाच.”

त्यांनी तो मोठ्याने वाचला. “‘नीट बघून काढ.’”

तातूला हसू फुटलं. माझं तोंड बघून त्याने ते गिळलं.

“पोरी, हे तू गुरुवारीच का नाही सांगितलंस?”

द्वारका माझ्याकडे बघू लागली.

“मी सांगतो, सर,” मी म्हणालो. “मी तिला सांगितलं होतं की तिथे काही नाही. तिने ते खरं मानलं. तीन वर्षं.”

सर खाली बसले. वजनाखालचा कागद काढून त्यांनी सही केली, शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली आणि तो तातूकडे दिला. “पळ. बस चुकली तर चालत जा.”

तातू गेला. आम्हीही निघालो, तेव्हा सरांनी हाक मारली.

“वालावलकर, म्हाताऱ्याने दिली तेव्हा होता का हो हा?”

“मला माहीत नाही, सर.”

“मी पुसतो तिला. दर शनिवारी, स्वतः. सतरा वर्षं.” खिशातला रुमाल काढून त्यांनी हातात घेतला, आणि तो तसाच परत ठेवला.

*

त्याच दिवशी शेवटच्या तासाला सरांनी फुलदाणी पुन्हा वर्गात नेऊ दिली. द्वारका रोवळी घेऊन मागे, मी पुढे. स्टुलावर निळं कापड घालून मी ती ठेवली. वीस मुलं अर्धगोलात बसली. मी फळ्यावर नेहमीप्रमाणे मध्यरेषा काढली. भांडं काढायचं तर आधी मधली उभी रेघ, मग दोन्ही बाजूंना सारखी अंतरं, म्हणजे दोन्ही कडा जुळतात. अकरा वर्षं मी असंच शिकवत होतो.

“सर,” द्वारका म्हणाली, “मला सहावीत दिसलं होतं ते खरं होतं ना?”

“खरं होतं.”

“मग आणखी एक सांगू?”

“सांग.”

“ती सरळ नाहीये. डावीकडे कललेली आहे.”

दोन-तीन मुलं हसली. मी तिच्या जागी जाऊन जमिनीवर बसलो. एक डोळा मिटला, हात लांब करून पेन्सिल उभी धरली आणि तिच्या रेषेत फुलदाणी आणली. तळ पेन्सिलीला लागून होता. मान बाहेर जात होती. बोटाच्या निम्म्या पेराएवढी असेल, पण जात होती. कोण्या दूरच्या गावात, चाकावर, कोणाचा तरी हात जरासा हलला होता.

“कधीपासून दिसतंय तुला?”

“पहिल्यापासून.”

“आणि दरवेळी सरळ काढलीस?”

तिने होकार दिला. मग खाली वाकून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, “परीक्षेत कशी काढू, सर? दिसते तशी काढली आणि तपासणाऱ्याने चूक धरली तर?”

तपासणाऱ्याला मी ओळखत होतो. तो माझ्यासारखाच कोणीतरी मास्तर असणार होता.

“दिसते तशी,” मी म्हणालो.

मग मी बाकीच्या मुलांकडे वळलो. “आता सगळ्यांनी सांगा. आपापल्या जागेवरून बघा. सरळ आहे की कललेली? ज्याला जसं दिसतं तसं.”

कोणी बोललं नाही. मी वाट बघितली. पुन्हा विचारलं. खोलीत एवढी शांतता झाली की विहिरीवरच्या रहाटाचा आवाज येऊ लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या एकोणीस जणांतलं एकही मूल फुलदाणीकडे बघत नव्हतं. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी उठलो, फळ्यावरची मध्यरेषा पुसली, आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो.